बाटलीतला एक टक्का

तुम्ही तिला खोटारडी म्हणालात. तोंडावर म्हणाला असतात तर निदान भांडता आलं असतं. तुम्ही राजधानीत जाऊन, खुर्चीत बसून, कागदावर लिहिलंत आणि खाली शिक्का मारलात: "उमेदवाराची मापनं बनावट असावीत असा दाट संशय येतो." सहा वर्षांच्या कामाची किंमत एक ओळ. पत्र आलं त्या दिवशी संस्थेतल्या झाडूवाल्यापासून संचालकांपर्यंत सगळ्यांनी वाचलं. म्हणून मीही हे सगळ्यांसमोरच लिहितो.

मी सादोक. स्फाक्स शहरात, मिठागरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची संस्था आहे. तिथलं रसायनांचं भांडार एकतीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. तुमच्या यादीत मी "सहाय्यक कर्मचारी". शाळा मी नववीत सोडली. पुढचं जे काही येतं ते संशोधकांनी टाकून दिलेल्या पुस्तकांतून आलं. ती लोकं पुस्तक जुनं झालं म्हणून फेकतात, मी ते मोपेडच्या मागे बांधून घरी नेतो. त्यामुळे मला रसायनशास्त्र येतं, पण दहा वर्षं उशिरा येतं. चालतंय. रेणू दहा वर्षांत बदलत नाहीत.

सुंदुस माझ्या नात्यातली नाही. आईबरोबर आमच्या मागच्या गल्लीत राहते, एवढंच. सहा वर्षं रोज सकाळी आठच्या ठोक्याला ती भांडाराच्या खिडकीशी येऊन उभी राहायची.

"अम्म सादोक, आज काय देताय?"

"काय पाहिजे?"

"जे आहे त्यातलं."

"मग शिव्या आहेत. किती देऊ?"

ती हसायची आणि यादी पुढे करायची. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला अम्म म्हणतात, पण ती म्हणायची तेव्हा खरंच काका झाल्यासारखं वाटायचं.

तिचा विषय सांगतो, कारण तुम्ही तो परीक्षक म्हणून वाचलात आणि तरी विसरलात. नायट्रोफिनॉल नावाचा एक रेणू असतो. त्याच्या टोकाला एक हायड्रोजन असतो, जरा सैलसर. त्याच्यासमोर आम्लारी आणला, म्हणजे आम्लाच्या उलट स्वभावाचा पदार्थ, की तो त्या हायड्रोजनला ओढायला लागतो. ओढ बेताची असली तर दोघं नुसते एकमेकांना धरून राहतात. त्याला हायड्रोजन बंध म्हणायचं. ओढ फारच झाली तर आम्लारी हायड्रोजन उपटून घेऊन जातो आणि द्रावण पिवळं पडतं. आमच्या बंदरावर सकाळी मासळीचा लिलाव असतो. तिथं एखादं गिऱ्हाईक पेटीवर नुसता हात ठेवून उभं राहतं, आणि एखादं पेटी खांद्यावर मारून चालू पडतं. तसंच हे.

सुंदुसनं असली बारा गिऱ्हाइकं घेतली होती आणि कुणाची पकड किती, हे मोजलं होतं. पण तिचा खरा जीव पकडीत नव्हता, भोवतालच्या गर्दीत होता. म्हणजे द्रावकात. काही द्रावक भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुक्या माणसांसारखे असतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. क्लोरोफॉर्म तसा नाही. त्याच्याकडे स्वतःचा एक हायड्रोजन आहे आणि तो प्रत्येक आम्लारीला दाखवत फिरतो. मग गिऱ्हाइकांचं लक्ष उडतं, पेटीवरचा हात ढिला होतो. पण सगळ्यांचा सारखा ढिला होत नाही. कुणाचा किती ढिला होतो याचा हिशेब अजून नीट कुणी मांडला नव्हता. तो तिनं मांडला. जानेवारी ते मार्च, तीन महिने, आमच्या त्या म्हाताऱ्या प्रकाशमापी यंत्रावर. चौकोनी काचकुपीत नायट्रोफिनॉल घ्यायचं, आम्लारी थेंबाथेंबानं वाढवत न्यायचा आणि आलेखावरचं शिखर कसं सरकतं ते बघायचं. ती एका आम्लारीची मापनं पाच पाच वेळा करायची. मी म्हणायचो, पोरी, यंत्राला तरी विश्रांती दे.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही आलात. तुम्हाला तिचे आकडे जास्त वाटले होते. वाटू देत, त्यात काही पाप नाही. परीक्षकाला शंका आलीच पाहिजे. तुम्ही म्हणालात, माझ्यासमोर तीन आम्लारी पुन्हा मोजून दाखव. तेही बरोबर. तिनं मोजून दाखवले. मी क्लोरोफॉर्मची बाटली घेऊन दारातच उभा होतो, सगळं बघत होतो.

पायरिडीन या आम्लारीच्या पकडीचा तिचा आकडा होता बेचाळीस. तुमच्यासमोर आला तेवीस.

तिनं पुन्हा केलं. चोवीस.

"बेचाळीस कुठं गेले?" तुम्ही विचारलंत.

"मला कळत नाही," ती म्हणाली. "सर, शेवटच्या आम्लारीला, त्या अमाइनला, द्रावण जरासं पिवळं दिसतंय. माझ्याकडे हे असं कधीच झालं नव्हतं. काहीतरी वेगळं आहे."

"डोळ्यांना काय दिसतं त्याला मापन म्हणत नाहीत, बाई." आणि मग तुम्ही ते वाक्य बोललात, ज्यावर तुमच्याबरोबरचे दोघं खदखदून हसले. "स्फाक्सची माणसं जगात सगळ्यात चिकट म्हणतात. आकड्यांच्या बाबतीत एवढा सढळ हात कुठून आला?"

तिचे प्राध्यापक लस्अद, आम्ही आदरानं सी लस्अद म्हणतो, शेजारीच उभे होते. भला माणूस, पण पाठीचा कणा सुट्टीवर गेलेला. तेही हसले. थोडंसंच, पण हसले.

आम्ही चिकट आहोत, खरं आहे. आमच्याकडे काही फेकत नाहीत. शिळ्या भाकरीचं काहीतरी होतं, फाटक्या जाळ्याचं काहीतरी होतं. आणि या सगळ्या गोष्टीचं मूळ तिथंच आहे, पण ते मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं.

चार दिवसांनी तुमचं पत्र आलं.

आता तिच्यासाठी याचा अर्थ काय होता ते ऐका. तिचं सहावं वर्ष होतं. सातव्याची सोय नाही. प्रबंधाची तोंडी परीक्षा अठरा जुलैला ठरलेली. जुलै संपला की नोंदणी रद्द, आणि ऑगस्टमध्ये तर सगळ्या कचेऱ्यांना कुलपं. अठराची तारीख गेली तर पदवी गेली. आणि ती कशी गेली, तर खोटे आकडे लिहिले म्हणून. आपल्या एवढ्याशा देशात रसायनशास्त्राची माणसं किती? सगळे एकमेकांना ओळखतात. तिला पुन्हा कुणी प्रयोगशाळेच्या दाराशी उभं केलं नसतं.

सी लस्अद तिला भांडारातच भेटले, कारण वर सगळे कान टवकारून होते. मी कपाटामागे याद्या लावत होतो. मी तिथं आहे हे दोघांनाही ठाऊक होतं, पण भांडारवाल्याला कोण मोजतं?

"सुंदुस, ऐक. नवे आकडे घे. तेवीस तर तेवीस. जुने मागे घे आणि लिही की यंत्रात दोष होता. तो मोठा माणूस आहे, त्याला मान हवा असतो. दिला की विषय मिटला."

"आणि जुने आकडे?"

"जुने विसर."

"सर, मी ते पाच पाच वेळा पाहिलेत."

"अगं, मी तुझ्याच भल्यासाठी..."

"माझं भलं आणि खरं, दोन्ही एकाच कपाटात मावत नसतील तर माझं भलं बाहेर ठेवा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तोंडावर जे काही होतं ते मी नंतर बघितलं. त्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

ते गेल्यावर ती स्टुलावर बसून राहिली. मी तिला पाणी दिलं. प्यायली नाही.

"अम्म सादोक, तुम्हालाही वाटतं का मी बनवले?"

"तुला खोटं बोलता येत असतं तर मार्चमध्ये परवानगीवाचून कुपी फोडलीस तेव्हाच बोलली असतीस."

ती हसली नाही. तेव्हा मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचे आलेख काढले. छापण्याचं यंत्र भांडारातच आहे आणि प्रत्येक आलेखाची एक प्रत मी ठेवतो, कारण पाठीमागची कोरी बाजू याद्यांना चालते. चिकट, म्हटलं ना. मी जानेवारीतला पायरिडीनचा कागद घेतला, तुमच्यासमोरचा जूनचा कागद घेतला, आणि दोन्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. बाहेर मिठागरांवरचा उजेड, त्याच्यापुढं कागदाचं काही चालत नाही. सगळं आरपार दिसलं.

माझी नजर आधी शिखरांच्या शेवटाकडे गेली. तिथं फरक होताच, तो सगळ्यांनी पाहिला होता. मग मी सुरुवातीकडे बघितलं. प्रत्येक मापनाची पहिली रेघ आम्लारी न घालताच काढतात. नुसतं नायट्रोफिनॉल, नुसता क्लोरोफॉर्म. या दोन रेघा एकमेकींवर तंतोतंत बसायला हव्या होत्या.

बसत नव्हत्या. जूनची रेघ तीन नॅनोमीटर उजवीकडे होती.

मी कागद पुन्हा लावले. पुन्हा तीनच. आम्लारीचा एक थेंबही पडायच्या आधी नायट्रोफिनॉल कुणाला तरी धरून बसलं होतं. कुपीत आणखी कुणीतरी होतं.

कोण? हवेतलं पाणी? समुद्र जवळ आहे, पण पाणी असतं तर जानेवारीच्या दमट दिवसांतही असतं. यंत्र? तेच होतं. नायट्रोफिनॉलची डबी? तीच होती, अजून अर्धी शिल्लक. उरला होता फक्त क्लोरोफॉर्म. पण क्लोरोफॉर्मची बाटली तर...

आणि मग मला आठवलं.

आमच्या नव्या बाटल्या प्लास्टिकच्या झाकणाच्या येतात. इथल्या उन्हाळ्यात ती झाकणं सैल होतात आणि द्रावक उडून जातो. म्हणून मी एक जुनी बाटली जपून ठेवली आहे, तपकिरी, जाड काचेची, घासलेल्या काचेच्या बुचाची. अकरा वर्षं झाली. नवा माल आला की जुनी बाटली धुऊन वाळवायची, नवा माल तिच्यात ओतायचा, नवी बाटली मागे टाकायची. लेबल जुन्याच बाटलीचं राहायचं. क्लोरोफॉर्म तो क्लोरोफॉर्म, असा माझा हिशेब. एप्रिलमध्ये नवा माल आला तेव्हाही मी तेच केलं.

मागच्या फडताळावर एप्रिलची रिकामी बाटली पडली होती. फेकली नव्हती, अर्थातच. चष्मा पुसून लेबल वाचलं. वरच्या ओळीत मोठ्या अक्षरात क्लोरोफॉर्म. सगळ्यात खालच्या ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरात: स्थिर ठेवण्यासाठी एक टक्का इथेनॉल.

मग जुन्या बाटलीचं लेबल. तिथं त्याच जागी दुसराच पदार्थ होता, एक तेलकट हायड्रोकार्बन, जो कुणाचाच हात धरत नाही.

शुद्ध क्लोरोफॉर्म उजेडात नासतो आणि त्याचा विषारी वायू होतो. तसं होऊ नये म्हणून कारखानदार त्यात राखणदार घालतात. कुणी तेलकट राखणदार घालतं, कुणी अल्कोहोल. बाकी कामांना कुठलाही चालतो. सुंदुसच्या कामाला अल्कोहोल म्हणजे घात. अल्कोहोलला दोन हात. एका हातानं ते नायट्रोफिनॉलचा हायड्रोजन पकडतं, दुसऱ्या हातानं आपला हायड्रोजन आम्लारीपुढं करतं. पेटीही अडवतं आणि गिऱ्हाइकाचीही बाही ओढतं. एक टक्का ऐकायला काहीच वाटत नाही. पण त्या कुपीत नायट्रोफिनॉल होतं त्याच्यापेक्षा ते हजारपट जास्त होतं. पकड निम्मी व्हायचीच. आणि तो पिवळेपणा तिच्या डोळ्यांचा भास नव्हता. अल्कोहोल असलं की हायड्रोजन उपटून न्यायला सोपं जातं. तिनं बरोबर पाहिलं होतं. तुम्हीच पाहायला नाही म्हणालात.

खरं लिहितो म्हणालो तर हेही लिहितो. त्या फडताळासमोर मी पाच मिनिटं उभा राहिलो. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ही बाटली उचलून मिठागराच्या कडेला टाकली असती तर जगात कुणालाही कळलं नसतं. मी भांडाराची किल्ली हातात घेऊन उभा होतो आणि माझ्याच मनात येत होतं की पोरगी तरुण आहे, दुसरं काही करेल. एवढं लाज वाटण्यासारखं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मी तिला फोन लावला.

"अम्म सादोक, मला आज काही नको."

"द्यायला नाही बोलावत. मी तुझं काय करून ठेवलंय ते सांगायला बोलावतोय. लगेच ये."

ती आली तेव्हा केसही नीट बांधलेले नव्हते. मी दोन्ही कागद काचेला लावून दाखवले. मग दोन्ही बाटल्या समोर ठेवल्या. तिनं खालची ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग बाटली खाली ठेवली, दोन्ही हात तोंडावर घेतले आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय.

हसत होती.

"अम्म सादोक! म्हणजे बाटली प्यायलेली होती?"

"एक टक्का."

"एक टक्का दारू तिनं ढोसली आणि झिंगल्याचा आरोप माझ्यावर?"

"पोरी, मी..."

"उमऱ्याची यात्रा करून आलेल्या माणसाच्या भांडारात अल्कोहोल! अम्मा चेरीफाला कळू देत, तुम्हाला घरात घेतात का बघू."

माझी बायको चेरीफा; मी अम्म, म्हणून ती अम्मा. तिला कळल्यावर तिनं मला खरंच दोन तास घरात घेतलं नाही, पण ते दारूसाठी नाही, पोरीनं सोसलेल्या त्या दिवसांसाठी.

सुंदुसनं डोळे पुसले. हसता हसता रडलीही होती, ते मी न बघितल्यासारखं केलं. मग तिनं मान वर केली आणि म्हणाली, "थांबा. बाकी बोलणं नंतर. आधी अल्कोहोल काढू. पाणी आहे?"

पाणी होतंच. क्लोरोफॉर्म पाण्यापेक्षा जड, तो तोटीच्या बंद नरसाळ्यात खाली बसतो. पाणी घालून हलवलं की अल्कोहोल पाण्यात उतरतं, मग खालचा थर काढून घ्यायचा. आम्ही पाच वेळा धुतलं. मी नरसाळं हलवायचो, ती तोटी सोडायची. दुपारी उन्हाळी वेळेप्रमाणे दोनला संस्था बंद झाली, सगळे घरी गेले, रखवालदार किल्ल्या वाजवत आला. मी त्याला म्हटलं, "बाबा, किल्ली ठेव आणि जा, नाहीतर बस आणि नरसाळं हलव." तो बसला. हलवलंही. मग कॅल्शियम क्लोराइडवर सुकवलं, ऊर्ध्वपातन केलं, आणि बाटलीला चांदीचा कागद गुंडाळून अंधारात ठेवलं. राखणदार काढून टाकला की उजेड चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरिडीन. मी यंत्राकडे पाठ करून उभा होतो. बघायचा धीर नव्हता.

"अम्म सादोक."

"सांग."

"एक्केचाळीस."

"पुन्हा कर."

"बेचाळीस."

मी वळलो. पडद्यावर पहिली रेघ जानेवारीच्या रेघेवर अशी बसली होती की दोन आहेत हे कळत नव्हतं. माझ्या छातीवरून कुणीतरी पोतं उचललं. एकतीस वर्षांत मी त्या यंत्राला कधी हात लावून सलाम केला नव्हता, त्या दिवशी केला. आठवड्यात तिनं सगळे बाराच्या बारा पुन्हा मोजले. तीन टक्क्यांच्या आत जुळले.

सी लस्अद धावत खाली आले. खूश होते, आणि घाबरलेलेही.

"सादोक, खूया, भावा, छान झालं. आता लिहून देऊ की पुरवठादारानं चुकीचा माल दिला."

"सी लस्अद, पुरवठादारानं लेबल बरोबर लावलं होतं. मी ते मागे टाकलं."

"अरे, पण तुझी नोकरी..."

"माझी नोकरी माझ्या नावावर आहे. तिचा प्रबंध तिच्या नावावर राहू देत."

मी एक पानभर लिहिलं. बाटली कुठली, कधी ओतली, का ओतली. खाली सही केली. संचालकांनी मला लेखी ताकीद दिली. ती मी भांडाराच्या दारावर आतल्या बाजूला चिकटवली आहे, रोज वाचतो. आता बाटली बदलली की लेबलही बदलतं, आणि खालची ओळ मी मोठ्यानं वाचतो. समोर कुणी नसलं तरी.

चौदा जुलैला तुम्ही पुन्हा आलात. संचालकांनी यायला लावलं म्हणून आलात. सुंदुस तुमच्यासमोर उभी राहिली.

"सर, या वेळी तुम्हीच भरा, तुम्हीच मोजा," ती म्हणाली. तुम्ही तुमच्या हातानं कुप्या भरल्यात. एक्केचाळीस आला. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, घातलात. तेवढ्यात ती म्हणाली, "आता तुमचा आकडा आणून दाखवते." तिनं त्याच क्लोरोफॉर्ममध्ये एक टक्का इथेनॉल टाकलं, तुमच्या डोळ्यांसमोर, पिपेटनं मोजून. पुन्हा मापन. तेवीस. आणि शेवटच्या अमाइनची कुपी तिनं खिडकीशी धरली. जराशी पिवळी.

तुमच्याबरोबरचे दोघं या वेळी हसले नाहीत. एकानं तर हळूच टाळी वाजवली, मी पाहिलं.

तुम्ही म्हणालात, "बरं." बॅग उचललीत आणि म्हणालात, गाडी पकडायची आहे.

अठराला ती पास झाली, गौरवासकट. संध्याकाळी गल्लीत तिच्या आईनं अंगणभर खुर्च्या टाकल्या, बदामाच्या सरबताचे ग्लास फिरले, बायकांनी आनंदाच्या अशा किंकाळ्या मारल्या की पलीकडच्या चौकातली मांजरं पळाली. सुंदुसनं मला मिठाईची परडी दिली आणि चेरीफाच्या कानात म्हणाली, "अम्मा, यांना आजच्या दिवस घरात घ्या." मी तीन ग्लास सरबत प्यायलो. मी त्या महिन्यात पहिल्यांदा रात्रभर गाढ झोपलो. अजूनही सकाळी उठलो की पहिला विचार येतो: सुटलो बाबा. ती सुटली, म्हणून मी सुटलो.

पण तुम्ही कसे सुटलात, ते मला कळलेलं नाही.

माझी चूक मी केली, लिहून दिली, शिक्षा घेतली. बाटलीची चूक मोठी होती, पण ती शोधता आली, कारण लेबल कुठंतरी पडलेलं होतं. तुमच्या पत्राचं काय? ते अजून तिच्या फाइलमध्ये आहे. शिक्क्यासकट. प्रबंध मंजूर झाल्याचा कागद वर, आणि त्याच्या खाली "बनावट असावीत". उद्या ती कुठं अर्ज करेल, कुणीतरी फाइल चाळेल, आणि त्याला ती ओळ दिसेल. त्याला माझी सही असलेलं पान दिसणार नाही, कारण ते तुम्ही फाइलमध्ये लावूच दिलं नाही. मी विचारलं होतं. "आवश्यकता नाही," असं उत्तर आलं, तेही तोंडी, तेही दुसऱ्याकडून.

मला तीन गोष्टींचं उत्तर पाहिजे. पहिली, आकडा निम्मा आला तेव्हा "द्रावक कुठला, कुठून आला, बदलला का" हे तुम्ही का विचारलं नाही? हे तर पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात. दुसरी, तिनं पिवळेपणा दाखवला तेव्हा तुम्ही तिकडे पाहिलं का नाही? आणि तिसरी, जी खरी आहे: ते पत्र तुम्ही मागे घेताय की नाही?

हो किंवा नाही. लेखी. खाली तुमची सही.